बुलेट जर्नल, रोजकीर्द आणि खातेपानाचा रकाना

पीएचडीचं पहिलं वर्ष संपलं तेव्हा माझ्याकडे एक फार देखणी वही होती. ठिपक्यांची पानं, सुरुवातीच्या दोन पानांवर पेनाने काढलेलं पुस्तकांचं कपाट, आणि एक पुस्तक वाचून झालं की त्याचा कणा रंगवायचा. वर्षात ६४ कणे रंगले. मग प्रगती अहवालाच्या सादरीकरणात समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, "गावच्या वतनाच्या तंट्यांबद्दल तिसऱ्या पानावर तुम्ही एक विधान केलंय. ते कुठून आलं?"

मला आठवत होतं. मे महिन्यात, पेंढरहून बेलापूरला जाणाऱ्या मेट्रोत वाचलेलं, डाव्या पानावर, खालच्या बाजूला. फक्त पुस्तक कोणतं ते आठवेना. ६४ कण्यांपैकी एकही मदतीला आला नाही. ते विधान अहवालातून काढावं लागलं, आणि त्याच्या आधारावर उभं केलेलं अर्धं प्रकरणही.

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण विचारतात की वाचनाची नोंद कशी ठेवायची, बुलेट जर्नल सुरू करू का. करा. पण आधी 'जर्नल' या शब्दाकडे जरा बघू. माझं उत्तर मला तिथे सापडलं, आणि ते योगायोगाने माझ्या विषयातच दडलेलं होतं.

अकरावी कॉमर्सला असलेल्यांनी हा शब्द मराठीत शिकलेला असतो. पुस्तपालनाच्या पुस्तकात जर्नल म्हणजे रोजकीर्द आणि लेजर म्हणजे खतावणी. रोज जे घडलं ते घडलं त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरवायचं. मग तीच नोंद खतावणीत त्या-त्या खात्यावर न्यायची. रोजकीर्दीच्या आखणीत एक बारीक रकाना असतो, 'खा. पा.', म्हणजे खातेपान. ही नोंद खतावणीच्या कितव्या पानावर नेली, तो आकडा तिथे टाकायचा. रकाना रिकामा असेल तर नोंद अजून नेलेली नाही, असा अर्थ.

माझ्या देखण्या वहीत रोजकीर्द होती. खतावणी नव्हती. खातेपानाचा रकाना तर मुळीच नव्हता.

ही पद्धत आपल्याकडचीच आहे असं मी म्हणत नाही. व्हेनिसला १४९४ साली छापलेल्या गणिताच्या ग्रंथात लुका पाचोलीने व्यापाऱ्याच्या तीन वह्या सांगितल्या आहेत: घाईत लिहायची कच्ची वही, मग जर्नल, मग खतावणी. जर्नलमधली नोंद खतावणीत गेली की तिच्यावर तिरकी रेघ मारावी, असंही तो सांगतो. रायडर कॅरोल या अमेरिकन डिझायनरने २०१३ साली बुलेट जर्नल लोकांसमोर मांडलं, २०१८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या पद्धतीत ठिपका म्हणजे काम, आडवी रेघ म्हणजे टीप, गोल म्हणजे घटना, आणि काम पुढे नेलं की त्या ठिपक्याचा बाण होतो. सुरुवातीला अनुक्रमणिका असते, विषयवार पानं असतात. म्हणजे मूळ पद्धतीत नेआण आहेच. इन्स्टाग्रामवर येईपर्यंत ती गळून पडली आणि कपाटं उरली.

आता पुण्याला जाऊ. पेशवे दफ्तरात कागदांचे ३५,००० च्या आसपास रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा. यात एक मोठा विभाग रोजकीर्दींचा आहे. कारकुनाने त्या दिवशी सरकारातून काय आज्ञा गेल्या, कोणाला काय दिलं, कोणाकडून काय आलं, हे तारीखवार लिहिलेलं. मोडी शिकायला लागल्यावर मला पहिल्यांदा दिसल्या त्या यातल्या खुणा. तारखेआधी 'छ' असतो, म्हणजे चंद्र, अरबी महिन्यातली तिथी. 'सु॥' म्हणजे सुहूर सन. 'बितपशील' म्हटलं की खाली तपशील सुरू. 'कित्ता' म्हणजे वरीलप्रमाणे. हे सगळं झपाट्याने लिहिण्यासाठी आहे. बुलेट जर्नलवाले ज्याला चटपट नोंद म्हणतात, त्यात या कारकुनाचा हात कोणी धरला नसता.

पण अशी वही इतिहासकाराच्या हातात आली तर? एका पानावर किल्ल्याचा दारूगोळा, खाली कुठल्याशा देवस्थानाचं नेमणूकपत्र, त्याखाली घटस्फोटासारखा तंटा, मग घोड्यांचे दाणे. हजारो पानं. वाचता येतं, पण काही म्हणता येत नाही.

ही कोंडी फोडली रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी. त्यांनी या रोजनिशांमधून उतारे निवडले आणि छत्रपती-पेशव्यांच्या कारकिर्दीनुसार विभागून, प्रत्येक कारकिर्दीत विषयवार लावले: मुलकी, लष्करी, न्याय, जकात, धर्म, समाज वगैरे. नऊ भागांत ते छापले गेले. रोजकीर्दीची खतावणी झाली ती इथे. आणि तिचा परिणाम बघा. न्यायमूर्ती रानडे यांनी हे उतारे वाचून प्रस्तावना लिहिली. १९०० साली मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत ती वाचली गेली. बखरी आणि इंग्रजांचे इतिहास लढाया आणि राजकारणातच अडकून पडतात, लोक कसे राहत होते ते या रोजनिशा सांगतात, असा तिचा सूर आहे. करपद्धती, चलन, तुरुंग, दारूवरची बंधनं, लग्नांचे वाद यांवर रानडे सलग बोलू शकले, कारण कोणीतरी ते आधी एका खात्यावर आणून ठेवलं होतं.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल, म्हणून पुढचं सांगते. खाती कोणी पाडली? वाडांनी. कोणता कागद 'न्याय'मध्ये घालायचा आणि कोणता 'समाजा'त, हा त्यांचा निर्णय. कोणता उतारा घ्यायचाच नाही, हासुद्धा. पुढे हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने याच छापील उताऱ्यांवर खूप काम केलं. अठराव्या शतकातल्या मराठी राज्यात सरकार जातीच्या कारभारात कुठवर हात घालत होतं, यावरचा त्यांचा लेख १९६८ चा आहे. त्यासाठी त्यांना वाडांच्या वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेल्या नोंदी स्वतःच्या नव्या खात्यावर आणाव्या लागल्या. हे करता आलं, कारण प्रत्येक उताऱ्याला तारीख होती, आणि मूळ रोजकीर्द पुण्यात शाबूत होती.

माझी दुसऱ्या वर्षाची वही या दोन माणसांवरून बेतलेली आहे. वाडांसारखी खाती पाडायची, पण फुकाझावांना ती मोडता यावीत अशी.

आता प्रत्यक्ष रचना. वही साधी, २०० पानी, पानांवर क्रमांक स्वतः घाला. (छापील क्रमांकांची मिळते, महाग पडते, काही गरज नाही.) पहिली चार पानं खात्यांच्या यादीला. तिथून पुढे समोरून रोजकीर्द, आणि वही उलटी करून मागून खतावणी. दोन्ही मध्यात कुठेतरी भेटतात. माझ्या भेटल्या नाहीत, रोजकीर्द आधी संपली, तेव्हा रोजकीर्दीला दोनतृतीयांश जागा ठेवा.

रोजकीर्दीची नोंद अशी: तारीख, लेखक, नाव, आज कुठून कुठपर्यंत वाचलं, आणि एक वाक्य. वाक्य स्वतःचं. 'महत्त्वाचं पुस्तक' हे वाक्य नव्हे. 'लेखक म्हणतो की जातपंचायतीचा निर्णयसुद्धा सरकारी मान्यतेशिवाय टिकत नसे, पुरावा वाडांचे उतारे' हे वाक्य. उजवीकडे दोन बोटांचा समास सोडा, तो खातेपानाचा. पुस्तक अर्धवट सोडलं तरी नोंद होते. उलट ती जास्त उपयोगी, कारण सहा महिन्यांनी तेच पुस्तक परत उघडून परत तिथेच कंटाळण्यापासून वाचवते.

खतावणीत पुस्तकांची नावं खातं म्हणून घालू नका. पहिल्या वर्षी सगळ्यांचा मोह तोच असतो. खातं म्हणजे प्रश्न. माझी सुरुवात सात खात्यांनी झाली: तंटा कोणापुढे जातो, साक्षीदार कोण, दंडाची रक्कम कुठे जाते, अशी. आठवड्यातून एकदा, माझ्याकडे रविवारी सकाळी, रोजकीर्दीतली वाक्यं त्या-त्या खात्यावर न्यायची आणि समासात पान लिहायचं. एक वाक्य दोन खात्यांवर गेलं तर दोन आकडे. कुठेच बसत नसेल तर समास कोरा सोडा. जबरदस्तीने बसवू नका. माझ्याकडे सप्टेंबरपर्यंत असे अकरा कोरे समास जमले होते. एकदा ते नुसते सलग वाचून काढले तेव्हा त्यातले पाच एकाच गोष्टीबद्दल निघाले: तंट्यात बायका स्वतः अर्ज करतात तेव्हा कागद कसा लिहिला जातो. ते आज आठवं खातं आहे आणि बहुधा माझं तिसरं प्रकरण.

वर्ष कधी सुरू करायचं, हाही प्रश्न येतो. एक जानेवारीला सुरू केलेल्या वह्या फेब्रुवारीत मरतात, हा सार्वत्रिक अनुभव. पेशव्यांच्या दफ्तरात सुहूर सन चाले आणि तो जूनच्या पहिल्या आठवड्यात, सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदले. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. पेरणी सुरू होण्याची वेळ ती. सुहूर सनात जून ते डिसेंबर ५९९ मिळवा आणि जानेवारीपासून ६००, की इसवी सन मिळतो. परीक्षेला येतं, लक्षात ठेवा. आपलं शैक्षणिक वर्षही त्याच सुमाराला फिरतं, म्हणून मी वही मृगालाच बदलते. तळोज्यात त्या दिवसांत वीज जाते, त्यामुळे वही भरायला निवांत संध्याकाळही मिळते.

वही बदलताना बाकी ओढायची. दुकानदार जुन्या वहीतली येणी-देणी नव्या वहीच्या पहिल्या पानावर आणतो, तसं. यात लाज वाटते, मला वाटली. 'वाचायचं आहे' म्हणून लिहिलेली ३८ पुस्तकं न वाचलेली होती. सगळी ओढायची नाहीत. प्रत्येकापुढे विचारायचं, हे कुठल्या खात्यासाठी हवं आहे? उत्तर नसेल तर तिथेच काट मारायची. नव्या वहीत नऊ आली.

या लाजेवर मला एक उतारा मिळाला तो मंडालेत. आमच्या तळोज्यात मध्यवर्ती कारागृह आहे. २०२२ साली एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाला सांगण्यात आलं की तिथल्या एका कैद्याला वुडहाउसचं विनोदी पुस्तक सुरक्षेचं कारण देऊन दिलं नाही. न्यायमूर्तींनाही याचं नवल वाटलं. ती बातमी वाचून मी टिळकांच्या तुरुंगातल्या वाचनाकडे वळले. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षं. पुस्तकं एका वेळी चारच ठेवायची अशी अट मध्ये घातली गेली होती, ती त्यांनी अर्ज करून उठवून घेतली. सुटले तेव्हा जवळ ३५० ते ४०० पुस्तकं होती. सुटे कागद मिळत नसत. बांधलेल्या वह्या, त्यांची पानं मोजून क्रमांक घातलेली. शाई नाही, पेन्सिली, त्याही टोक काढूनच दिलेल्या. पानांवर क्रमांक घालणं हा आपला छंद आहे, तिथे तो पहारा होता. या वह्यांत १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्याचा मसुदा झाला. १९१५ मध्ये ते छापलं गेलं.

त्यांनी पुढे लिहायच्या पुस्तकांची यादीही केली होती. हिंदू धर्माचा इतिहास, शिवाजीचं चरित्र, हिंदू कायदा, कलनशास्त्राची तत्त्वं, खाल्डिया आणि भारत, असं बरंच काही. यातलं गीतारहस्य पुस्तक म्हणून पूर्ण झालं. खाल्डियाच्या विषयाचा १९१७ साली भांडारकर गौरवग्रंथात एक लेख झाला. बाकीची बहुतेक यादी यादीच राहिली, आणि १९२० मध्ये ते गेले.

माझ्या नव्या वहीच्या बाकीच्या पानावर नऊ नावं आहेत. पाचवं पुस्तक ते, ज्यातलं वतनाच्या तंट्यांबद्दलचं विधान मी अहवालातून काढलं होतं. ऑगस्टमध्ये दुसरंच काही शोधताना ग्रंथालयात हाताला लागलं, डाव्या पानावर खाली. फक्त तिथे ते वाक्य मला आठवत होतं तितकं ठाम नाही. लेखकाने 'बहुधा' म्हटलंय. समासात खातेपान अजून घातलेलं नाही, कारण त्यासाठी पुण्याला जाऊन मूळ रोजकीर्द पाहावी लागणार आहे.