तिखट : चव की आग?

आजचा प्रश्न साधा आहे. तिखट ही चव आहे का?

आयुर्वेदाच्या सहा रसांत तिखट आहे, फक्त तिथे त्याचं नाव 'कटु'. (याच 'कटु'चा मराठीत 'कडू' झाला!) चरकसंहितेत त्याची लक्षणं दिली आहेत : जीभ चुरचुरते, दाह होतो, नाकाडोळ्यांतून पाणी येतं. तेव्हाचं तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, सुंठ. मिरची आली सोळाव्या शतकात, अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्या मार्फत.

१८७६ साली जॉन थ्रेश यांनी मिरचीतला दाहक पदार्थ वेगळा करून त्याला 'कॅप्सेसिन' नाव दिलं. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल यांनी मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेऊन तिखटपणा मोजला. पण शरीराला तिखट कळतं कसं, हे कोडं सुटलं नव्हतं.

आपल्या पेशींच्या आवरणात प्रथिनांची दारं असतात. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. दार उघडलं की कॅल्शियम, सोडियम असे विद्युतभारित कण आत शिरतात आणि मेंदूकडे संदेश जातो. मिरचीचं दार कोणतं?

१९९७ साली कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस, मायकेल कॅटेरिना आणि सहकाऱ्यांनी एक चिकाटीचा प्रयोग केला. वेदना जाणणाऱ्या मज्जापेशींतली जनुकं त्यांनी गटागटाने अशा पेशींत घातली, ज्यांना कॅप्सेसिनचं काहीच वाटत नाही. कोणत्या जनुकामुळे कॅल्शियम आत शिरतं, हे शोधत ते एकाच जनुकापर्यंत पोचले. ते दार म्हणजे आजचं टीआरपीव्ही-१.

गंमत पुढे आहे. हेच दार साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेनेही उघडतं. म्हणजे ठेचा खाल्ल्यावर 'तोंड पोळलं' म्हणतो, ते मेंदूच्या दृष्टीने अक्षरशः खरं असतं! मिरीतल्या पायपरीननेही हेच दार उघडतं. आंबटाचं तसं नाही. त्याचं दार, ओटॉप-१, जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशींतच असतं.

तेव्हा आजच्या विज्ञानानुसार तिखट ही चव नव्हे, ती वेदना आहे. पण चरकसंहितेतलं वर्णन पुन्हा पाहा : चुरचुर, दाह, पाणी. नाव रसाचं, लक्षणं वेदनेचीच.

ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. आज कॅप्सेसिनच्या पट्ट्या मज्जातंतूंच्या दुखण्यावर वापरतात. दार बंद ठेवणारी औषधं मात्र अवघड ठरली. चाचण्यांत काहींनी शरीराचं तापमानच वाढलं. वेदनेचं हे दार शरीराची उष्णताही सांभाळतं, हे त्यातून कळलं. दुखणं थांबवायचं, पण ताप आणायचा नाही, हे काम अजून बाकी आहे.