चोक ओढायचे दिवस

1 जून 1948 रोजी पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. गाड्यांचा नाद आमच्या नगर जिल्ह्याला तेव्हापासूनचा. व्हीआरडीईसारखी वाहनं तपासणारी मोठी संस्थाही इथलीच. आम्ही गॅरेजवाले मात्र शिकलो ते उस्तादांच्या हाताखाली.

उन्हाळ्यात करंजी घाट चढून आलेली अँबेसिडर वाफा सोडत दारात उभी राहायची. उस्ताद बॉनेट उघडून वरच्या आणि खालच्या होजला हात लावायचे. वरचा पोळतोय, खालचा गार, म्हणजे थर्मोस्टॅट अडकला नाहीतर रेडिएटर चोंदला. बोअरचं जड पाणी ओतून आत क्षार धरलेले असायचे. डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा फक्त ड्रायव्हरला सांगण्यापुरता; तो बिघडला तरी इंजिन होतं तसंच चालायचं. थंडीच्या सकाळी जादा पेट्रोल लागतं, तेव्हा चोक ड्रायव्हरच ओढायचा आणि इंजिन तापलं की आत ढकलायचा.

2000च्या आसपास कार्ब्युरेटर मागे पडून एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी पद्धत आली, आणि चोकचं काम कूलंटमध्ये बुडालेल्या, तापमान मोजणाऱ्या बोटभर सेन्सरकडे गेलं. गार असताना त्याचा रेझिस्टन्स दोन-अडीच हजार ओहम, इंजिन तापल्यावर तीनशेच्या आसपास. त्यावरून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. सेन्सरनं तापलेलं इंजिन गार सांगितलं की गाडी पेट्रोल पिते, काळा धूर सोडते, गरम असताना स्टार्ट व्हायला त्रास देते. मालकानं तोवर प्लग बदललेले असतात, इंजेक्टर साफ करून घेतलेले असतात. त्या माणसाचे पैसे असे वाया गेलेले बघून जीव तुटतो, कारण तपासणी पाच मिनिटांची आहे.

रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्कॅनर लावायचा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. कूलंट उणे 40 दाखवत असेल तर सर्किट कुठंतरी तुटलंय. सेन्सर दोन वायरचा असेल तर कपलर काढून वायरिंगकडच्या त्या कपलरच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्यानं जोडायच्या. आकडा एकदम शंभराच्या वर गेला, तर वायरिंग ठीक आणि सेन्सर गेलेला. आकडा हललाच नाही, तर नवा सेन्सर आणू नका. वायर उंदरानं कुरतडली का, पिना हिरव्या पडल्या का, ते आधी बघा.

सेन्सर बदललाच तर कूलंट भरताना हवा नीट काढा. टोकाशी बुडबुडा अडकला तर नवाकोरा सेन्सरही चुकीचं तापमान दाखवतो.