कॉलनी : एका शब्दाची वहिवाट

मुंबई-आग्रा महामार्गालगत, वडाळा आणि पाथर्डी या गावांच्या शिवारांत पसरलेल्या नाशिकच्या इंदिरानगरात कोणाचे घर विचारावे, तर समोरचा मनुष्य प्रथम कॉलनी कोणती ते विचारतो. आळी, पेठ, वाडा हे शब्द गोदाकाठच्या जुन्या नाशकात राहिले, आणि या नव्या वस्तीने जो इंग्रजी शब्द निःसंकोचपणे घरचा केला, त्याची पूर्वपीठिका दोन सहस्र वर्षांची आहे.

लॅटिन भाषेतील ‘कोलेरे’ या क्रियापदाचे जमीन कसणे, एखाद्या स्थळी वास करणे आणि देवतेची उपासना करणे असे तीन अर्थ होते. त्यावरून ‘कोलोनुस’ म्हणजे शेतकरी, आणि ‘कोलोनिआ’ म्हणजे जिंकलेल्या मुलखात, बहुधा निवृत्त सैनिकांना मोजणी करून दिलेल्या जमिनींवर वसलेली रोमन वस्ती. इ. स. ५० मध्ये हा दर्जा मिळालेल्या जर्मनीतील एका नगराने तो शब्दच नाव म्हणून धारण केला, तेच आजचे कलोन. संस्कृतिवाचक ‘कल्चर’ हा शब्दही त्याच धातूचा. पुढे युरोपीय राष्ट्रांनी समुद्रापार वस्त्या केल्या, तेव्हा कसण्याचा अर्थ मागे पडून सत्तेचा अर्थ बळावला, आणि ज्या देशांत गोरा शेतकरी नांगर धरावयास कधी गेलाच नाही, त्यांनाही वसाहत हे नाव चिकटले. प्राणिशास्त्रज्ञांनी तर मुंग्यांच्या समूहासही तोच शब्द लावला.

रोमन कोलोनिआ भरभराटीस होत्या, त्याच सुमारास इंदिरानगराजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा कोरली गेली. आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी त्याने अपरकखडी गावातील दोनशे निवर्तने (जमिनीचे तत्कालीन माप) शेत भिक्षुसंघास दिले होते. चोविसाव्या वर्षीच्या लेखात राजा आणि राजमाता कळवितात की ते शेत कसले जात नाही व गावही वसलेले नाही, सबब नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून शंभर निवर्तने देण्यात येत आहेत. कसणे आणि वसणे ही परस्परावलंबी कर्मे आहेत, एक खुंटले की दुसरे टिकत नाही, ही जी जाणीव लॅटिनने एका धातूत साठविली, तीच सातवाहनांच्या दप्तराने एका व्यावहारिक हुकुमात नमूद केली.

मराठेशाहीतही हा संबंध तुटला नव्हता. ओसाड गाव किंवा नवी पेठ वसवावयाची असता सरकार कौल, म्हणजे अभयपत्र, देई, आरंभीची वर्षे सारा माफ करून पुढे तो इस्ताव्याने, म्हणजे टप्प्याटप्प्याने, चढवीत नेई, आणि पेठेच्या बंदोबस्तासाठी शेटे-महाजन नेमी. नागरी कॉलनी आपल्याकडे आली ती इंग्रजी अमदानीत. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ उद्भवली, दाटीच्या वस्तीतील हवा व उजेड यांचा अभाव प्राणघातक ठरला, आणि १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा मंडळाने दादर-माटुंग्याकडे आखीव रस्ते व भूखंड पाडले. तेथील पारशी कॉलनी व हिंदू कॉलनी यांनी या शब्दास मध्यमवर्गीय प्रतिष्ठा प्राप्त करून दिली.

नाशकात सातपूर व अंबड येथे औद्योगिक वसाहती झाल्या, सिडकोने नवीन नाशिक उभारले, १९८२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि नोकरदार कुटुंबांच्या मागणीपुढे महामार्गालगतची शेते एकामागून एक बिनशेती होऊन त्यांचे प्लॉट पडले. नांगराबरोबर जन्मलेला शब्द येथे नांगर उठल्यावर अवतरला, हे त्याच्या दीर्घ इतिहासातील सर्वांत मोठे स्थित्यंतर होय. यात नव्या रहिवाशांचा दोष नाही. निवारा ही शेतीइतकीच आदिम गरज आहे. परंतु कसण्याचे कर्तव्य संपले तरी जमिनीची निगा राखण्याचे कर्तव्य संपत नाही, कारण ‘कोलेरे’च्या तिसऱ्या अर्थातील उपासना तीच आहे.

म्हणून इंदिरानगरच्या वाचकांना माझी विनंती आहे : आपल्या कॉलनीचा जुना सातबारा पाहा, त्यातील पीकपाहणी वाचा, तेथे शेती केलेले वृद्ध वडाळ्यात वा पाथर्डीत आहेत तोवर त्यांच्याकडून त्या शेतांची, विहिरींची व ओहोळांची नावे लिहून घ्या, आणि कॉलनीच्या मोकळ्या जागेत ती ठळक अक्षरांत लावा.