रित्या यंत्रांचे मोल

कारखाना थांबला म्हणजे त्याचा खर्चही थांबतो, असा सर्वसाधारण समज असतो. संगणकाच्या चिप घडविणाऱ्या कारखान्याच्या बाबतीत तो खोटा ठरतो. तेथे खर्चाचा फार मोठा वाटा यंत्रसामग्रीचा असतो. आणि ही यंत्रे चालोत वा न चालोत, त्यांचे मोल काही वर्षांतच झिजून जाते. तेव्हा रित्या यंत्रांचा भार कोणी वाहावयाचा, हा या धंद्यातील मूळ प्रश्न होय.

या दृष्टीने एका कराराचा इतिहास बोधप्रद आहे. एएमडी या अमेरिकन कंपनीने २००९ साली आपले कारखाने वेगळे काढले. अबूधाबी सरकारच्या भांडवलाच्या बळावर त्यांतून ग्लोबलफाउंड्रीज ही कंपनी उभी राहिली. एएमडीने आपले प्रोसेसर मुख्यतः तेथूनच घडवून घ्यावेत, असा दीर्घ मुदतीचा करार त्याच वेळी झाला. एकाला गिऱ्हाईक लाभले, दुसऱ्याला कारखाना.

परंतु बाजार कराराची कलमे वाचीत नाही. मार्च २०१२ मध्ये काही चिप अन्यत्र करवून घेण्याची मोकळीक मिळावी म्हणून एएमडीने साडेबेचाळीस कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, शिवाय नव्या कंपनीतील उरलेला हिस्साही सोडला. पुढे संगणकांची मागणी घटली. त्या डिसेंबरात, सिलिकॉनच्या ठरलेल्या चकत्या न उचलण्याबद्दल तिने आणखी ३२ कोटी डॉलर कबूल केले. न घेतलेल्या मालाची ही किंमत होती!

पुढे पारडे फिरले. २०२१ साली जगभर चिपांची टंचाई होती. तेव्हा याच एएमडीने २०२२ ते २०२५ या काळासाठी सुमारे २१० कोटी डॉलरांच्या चकत्यांचा करार केला आणि काही रक्कम आगाऊ देण्याचेही मान्य केले.

तात्पर्य, करार धोका नाहीसा करीत नाही. तो कोणाच्या खांद्यावर पडेल एवढेच ठरवितो. गुजरातेत धोलेरा येथील चिप-कारखान्याला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली, आणि अशा प्रकल्पांच्या खर्चाचा निम्मा भार उचलण्याचे सरकारचे धोरण आहे. म्हणून कारखाना केवढा, या प्रश्नाबरोबरच तो रिता राहिल्यास भरपाई कोण करील, हेही विचारणे नागरिकांचे कर्तव्य ठरते.