मार्लोच्या मातींतलें अन्न

कारखान्यांत कोंडलेल्या कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या मांसाऐवजीं दुसरें कांहीं तरी खावें, हा विचार आज पाश्चात्य देशांत बराच रूढ झाला आहे. परंतु या विचाराच्या कामीं आलेल्या एका प्रमुख अन्नाचा जन्म भूतदयेच्या पोटीं झालेला नाहीं. तो भीतीच्या पोटीं झाला, आणि ती भीतीही पुढें बहुतांशीं निराधार ठरली. तें अन्न म्हणजे इंग्लंडांत 'क्वॉर्न' या नांवानें विकलें जाणारें बुरशीचें प्रथिन होय.

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपल्यावर जगाची लोकसंख्या झपाट्यानें वाढूं लागली. आहारशास्त्रज्ञांनीं असा हिशेब मांडला कीं, धान्य कसेंबसें पुरेल, परंतु शरीराची घडण करणारें प्रथिन पुरणार नाहीं, आणि त्याची झळ आशिया व आफ्रिका या खंडांतील लहान मुलांना प्रथम लागेल. १९६८ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका सल्लागार समितीनें येऊं घातलेल्या प्रथिन-संकटाविषयीं अहवालच सादर केला. मांस वाढवावें, तर जनावराच्या तोंडीं घातलेल्या धान्याचा थोडासाच अंश मांसरूपानें परत मिळतो. बाकीचा त्याच्या हालचालींत, श्वासोच्छ्वासांत आणि हाडाकातड्यांत खर्ची पडतो. तेव्हां मधला पशु वगळून थेट प्रथिन निर्माण करतां येईल काय, या प्रश्नाकडे कित्येक संशोधक वळले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर लाव्हेरा येथें एका तेलकंपनीनें तर खनिज तेलावर यीस्ट वाढवून पाहिलें!

इंग्लंडांत हें काम हातीं घेतलें तें लॉर्ड रँक यांनीं. जुन्या इंग्रजी चित्रपटांच्या आरंभीं भल्यामोठ्या थाळीवर टोला हाणणारा उघडाबंब मल्ल अनेकांना आठवत असेल. त्या चित्रसंस्थेचे धनी हेच. घराणें मात्र मूळचें पिठाच्या गिरण्यांचें. गव्हांतील स्टार्च मुबलक आणि स्वस्त, प्रथिन दुर्मिळ आणि महाग. तेव्हां एकाचें दुसरें करावें, हा शुद्ध गिरणीवाल्याचा विचार होता. त्यासाठीं जगाच्या निरनिराळ्या भागांतून मातीचे ३,००० हून अधिक नमुने गोळा करण्यांत आले. १९६७ च्या सुमारास त्यांतून जी बुरशी सर्वांत योग्य ठरली, ती हाय विकंब येथील त्यांच्या संशोधनशाळेपासून अवघ्या कांहीं मैलांवरच्या मार्लो गांवच्या मातींत सांपडली. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा ही म्हण इतकी अक्षरशः क्वचितच खरी ठरली असेल. या बुरशीचें आजचें शास्त्रीय नांव फ्युझेरियम व्हेनेनेटम असें आहे. व्हेनेनेटम या लॅटिन शब्दाचा अर्थ 'विषयुक्त'. ही ओळख तिला १९९८ सालीं मिळाली, तोंपर्यंत तिची गणना दुसऱ्याच जातींत होत असे. विकणाऱ्यांच्या दृष्टीनें हा उशीर झाला तें बरेंच झालें म्हणावयाचें.

कृति ऐकण्यासारखी आहे. एका अतिशय उंच पात्रांत स्टार्चपासून केलेल्या साखरेचें पाणी, अमोनिया आणि कांहीं क्षार घालतात व तळाकडून हवा सोडतात. बुडबुड्यांबरोबर पाणी वर चढतें, दुसऱ्या बाजूनें खालीं उतरतें, आणि या अखंड फेऱ्यांत बुरशीचे तंतु वाढत राहून कांहीं तासांतच दुप्पट होतात. एक अडचण मात्र मोठी होती. इतक्या वेगानें वाढणाऱ्या पेशींत एक प्रकारचें केंद्राम्ल फार असतें, आणि तें पोटांत गेल्यास रक्तांतील यूरिक अम्ल वाढून वातरक्ताची व्यथा उद्भवते. म्हणून बुरशी बेतानें तापवून तें अम्ल बाहेर घालविण्याची युक्ति काढावी लागली. मग पाणी निथळून, अंड्याचा पांढरा बलक मिसळून, वाफवून तो गोळा गोठवितात. गोठतांना बर्फाचे कण तंतूंना एकमेकांशीं दाबतात, आणि खाणाऱ्याच्या दातांना स्नायूंच्या दोऱ्यांचा भास होतो.

परंतु या पदार्थाच्या निर्दोषपणाची परीक्षा चालू असतांनाच त्याचें मूळ प्रयोजन नाहींसें होत चाललें होतें. प्रथिन-संकटाच्या कल्पनेला ज्यांनीं आकड्यांनिशीं धक्का दिला, त्यांत एक नांव महाराष्ट्राच्या परिचयाचें आहे. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९५१ पासून १९७० पर्यंत रोम येथें संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेंत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. गरिबाच्या भाकरीडाळींत प्रथिनाचें प्रमाण बहुधा पुरेसें असतें. उणीव असते ती भाकरीचीच, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. पोट अर्धें राहिलें म्हणजे शरीर प्रथिनही सरपणासारखें जाळून टाकतें. अशा उपाशी मुलाला महागडी प्रथिनाची भुकटी देणें म्हणजे चंदनाचीं लांकडें चुलींत घालणें होय. १९७४ सालीं डॉ. मॅक्लॅरन यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत या साऱ्या प्रथिन-मोहिमेचा फजितवाडा उघड केला. लॉर्ड रँक १९७२ सालींच वारले होते. भुकेल्यांसाठीं शोधलेलें अन्न आतां कोणासाठीं, हा प्रश्न उरला.

त्याचें उत्तर त्याच देशांत दुसऱ्या दिशेनें तयार होत होतें. युद्धोत्तर काळांत इंग्लंडांत कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यांत आणि वांसरें अरुंद खणांत ठेवून मांस व अंडीं स्वस्त करण्याची पद्धति फोफावली. १९६४ सालीं रूथ हॅरिसन या बाईंनीं 'ॲनिमल मशीन्स' हें पुस्तक लिहून तिचें अंतरंग लोकांपुढें मांडलें. सरकारनें नेमलेल्या ब्रँबेल समितीनें १९६५ सालीं सांगितलें कीं, जनावराला निदान उभें राहतां, बसतां, वळतां, अंग साफ करतां आणि हातपाय ताणतां आले पाहिजेत. एवढें साधें मागणें अहवालांत लिहावें लागावें, यावरूनच मूळ स्थितीची कल्पना येते. रँक यांचे बुरशीचे शास्त्रज्ञ आणि या बाई यांची कामें एकाच दशकांत चाललीं होतीं. एकाचा हेतु दुसऱ्याच्या गांवींही नव्हता.

दोन्ही प्रवाह मिळाले ते बाजारांत. इंग्लंडच्या ईशान्येस बिलिंगहॅम येथें इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीनें जनावरांच्या खाद्यासाठीं 'प्रूटीन' नांवाचें जंतुप्रथिन काढलें होतें. सोयाबीनची पेंड स्वस्त पडूं लागली, कच्चा माल महागला, आणि तो उद्योग बुडाला. पशूंना चारण्यासाठीं उभारलेलें तेथील एक पात्र रिकामें होतें. तेंच पशूंच्या मांसाला पर्याय देणाऱ्या बुरशीच्या कामीं आलें. सरकारी परवानगी मिळून १९८५ सालीं सेन्सबरी यांच्या दुकानांत कणकेच्या पारींत भरून भाजलेला पहिला पदार्थ विक्रीस आला. नांव घेतलें तें लीस्टरशायरमधील क्वॉर्न या गांवाचें, आणि हें गांव प्रसिद्ध आहे कोल्ह्यांच्या शिकारीसाठीं!

शाकाहारी मंडळी आरंभीं साशंक होती, आणि तें योग्यच होतें. कारण अंडें कोंबडीचें, आणि कोंबडी पिंजऱ्यांतली असेल तर दयेचा हिशेब जुळत नाहीं. पुढें मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांचींच अंडीं वापरण्यांत येऊं लागलीं, आणि २०११ च्या सुमारास कांहीं पदार्थांत बटाट्याच्या प्रथिनानें अंड्याची जागा घेतली. १९९६ च्या मार्च महिन्यांत गाईंच्या मेंदूच्या रोगाचा मानवी रोगाशीं संबंध असल्याचें ब्रिटिश सरकारनें मान्य केलें, तेव्हां कित्येक मांसाहारी घरांनींही गोमांस ताटांतून काढून टाकलें. २०१५ सालीं फिलिपाइन्समधील एका कंपनीनें हा सारा धंदा ५५ कोटी पौंडांस विकत घेतला. मध्यंतरीं दुसऱ्याही वाटा निघाल्या. २०१३ सालीं लंडनमध्यें मार्क पोस्ट यांनीं प्रयोगशाळेंत वाढविलेल्या गोमांसाची वडी तळून दाखविली. तिला सुमारें अडीच लाख युरो खर्च आला होता. अशा पेशीजन्य मांसाच्या विक्रीस डिसेंबर २०२० मध्यें सिंगापूरनें प्रथम मोकळीक दिली.

मूळ शत्रु मात्र हटलेला नाहीं. १९६१ सालीं जगांत सुमारें ७ कोटी टन मांस निपजत असे. आज तो आकडा ३५ कोटी टनांच्या वर गेला आहे. पर्यायी अन्नाची चव कमी पडली असें टीकाकार म्हणतात. परंतु खरी अडचण किमतीची आहे. पिंजऱ्यांतील कोंबडी स्वस्त पडते ती तिला जागा, हवा आणि आयुष्य बेताचें दिल्यामुळें, आणि तो खर्च कोणाच्याही हिशेबवहींत मांडला जात नाहीं. बुरशीच्या पात्राला मात्र विजेची, साखरेची आणि स्वच्छतेची पै न् पै मोजावी लागते. बुरशीसंबंधींच्या मूळ पेटंटांची मुदत २०१० च्या सुमारास संपली, आणि मार्लोच्या मातींतील त्या तंतूंची शेती स्वस्तांत करून पाहण्याची वाट इतरांसही मोकळी झाली.