पाहुणी सुबाभूळ

नाशिकात पडक्या वाड्याच्या जोत्यावर किंवा नाल्याकाठी चपट्या तपकिरी शेंगांनी लगडलेले जे झाड आपोआप उगवते, ती सुबाभूळ. ती मूळची मेक्सिकोकडची. स्पॅनिश गलबतांतून ती फिलिपिन्सला गेली आणि पुढे उष्ण देशांत पसरली. महाराष्ट्रात तिला मान मिळवून दिला तो उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंनी. १९६७ साली स्थापन झालेल्या त्यांच्या ‘बायफ’ संस्थेने पुढच्या दशकात चारा आणि सरपण यांसाठी तिचा हिरिरीने प्रसार केला. १९७२ चा दुष्काळ लोकांनी भोगला होता. झटपट वाढणारे झाड तेव्हा कोणाला नको होते? मणिभाईंना दोष देणे मला तरी अन्यायाचे वाटते.

शेंगांकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले. बी मातीत वर्षानुवर्षे टिकते, आणि तोडलेले खोड पुन्हा फुटते. आज जगातील शंभर उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत तिचे नाव आहे.

बागेत हीच फुटण्याची खोड उपयोगी पडते. शेंगा हिरव्या असतानाच फांद्या छाटाव्यात. पाल्यात नत्र भरपूर. तो गुलाबाच्या आळ्यात पसरावा. सरळ काठ्या वाळवून कारल्याच्या मांडवाला लावाव्यात. शेळीला पाला इतर चाऱ्यात मिसळूनच द्यावा. घोड्याला मुळीच नको. त्यातील मिमोसीन या द्रव्याने आयाळीचे आणि शेपटीचे केस झडतात. टांग्यांचे दिवस सरल्यावर ही बया नाशिकात माजली, हे घोड्यांचे नशीबच!