१८८२ चे मुंबईचे वादळ : एका आख्यायिकेची चिकित्सा

जगातील भीषण नैसर्गिक आपत्तींच्या अनेक सूचींत ‘६ जून १८८२, मुंबई, मृत एक लाख’ अशा आशयाची नोंद आढळते. एका सूचीतून दुसरीत उतरत गेलेली ही नोंद वारंवार उद्धृत झाल्यामुळेच प्रमाण मानली गेली. तिला समकालीन पुराव्याचा आधार आहे किंवा नाही, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

१८८१ च्या जनगणनेनुसार मुंबई शहराची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. सूचीतील आकडा खरा मानल्यास शहरातील दर आठ माणसांत सुमारे एक माणूस एका दिवसात मृत्यू पावला, असे मानावे लागेल. तथापि १८९१ च्या जनगणनेत हीच संख्या ८,२१,७६४ भरते. शिवाय तत्कालीन मुंबई ही मूक नगरी नव्हती. ‘इंदुप्रकाश’ तेथेच निघत होते. पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ चालू होते व १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ सुरू झाला होता. अमिताव घोष यांनी २०१६ मधील आपल्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या ग्रंथात नमूद केल्याप्रमाणे, मुरली रंगनाथन यांनी ‘कैसर-इ-हिंद’ या गुजराती साप्ताहिकाचे अंक तपासले, तेव्हा त्यांना जून १८८२ च्या आरंभीच्या वारा-पावसाचे त्रोटक वर्णन मिळाले; प्राणहानीचा मात्र उल्लेखही नव्हता.

मौन हा स्वयमेव पुरावा नव्हे, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु जेथे बोलणे अपरिहार्य होते तेथील मौन अर्थपूर्ण ठरते. नोव्हेंबर १८५४ च्या वादळात झालेली हानी मुंबईच्या इतिहासग्रंथांत नोंदलेली आहे. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली व सातशेहून अधिक माणसे दगावली. विजेच्या दिव्यांमुळे लोकांनी तिला ‘वीजळी’ हे नाव दिले होते. याच नावाने ती गुजराती लोकगीतांत आजही जिवंत आहे. सातशे मृतांसाठी लोकभाषेने गीते रचली. त्यांच्या सहा वर्षे आधीच्या कथित एक लाख मृतांसाठी एक शब्दही रचला नाही, हे संभवनीय वाटत नाही.

या आख्यायिकेचा परिणाम ग्रंथांपुरता मर्यादित राहिला नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. त्या दिवसांत १८८२ चा दाखला पुन्हा प्रचारात आला व लोकांचे लक्ष मुंबईवर खिळले. मुंबई बहुतांशी बचावली. श्रीवर्धन, मुरुड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा मात्र भुईसपाट झाल्या. महानगराविषयीच्या भीतीपुढे या बागाइतदारांचे नुकसान गौण ठरण्याचा धोका होता.

उलट दिशेचा धोकाही तितकाच गंभीर आहे. एक लाखाचा आकडा निराधार ठरताच ‘मुंबईला वादळाचे भय नाही’ असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय होय. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईने चक्रीवादळ अनुभवले आहे. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ शहरावर न येता पश्चिमेकडून गेले, तरी समुद्रातील ‘पी-३०५’ हा तराफा व ‘वरप्रदा’ ही नौका बुडून ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली.

तुमसरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावासही हा विषय परका नाही. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे मध्य भारतापर्यंत पाऊस आणतात. समुद्रावरील हवेच्या उलथापालथीचा प्रत्यय वैनगंगेच्या खोऱ्यात वाऱ्यापेक्षा पुराने अधिक येतो. ‘निसर्ग’नंतर तीन महिन्यांच्या आतच, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस, वरच्या खोऱ्यातील अतिवृष्टीमुळे भंडारा जिल्ह्यात महापूर आला. अशा पुराची पातळी, बुडालेली वस्ती व मृतांची संख्या त्याच काळात साधार नोंदली गेली नाही, तर पुढील पिढीच्या हाती एकतर विस्मृती उरते किंवा अतिशयोक्ती. पूर्वसूचनेवरील लोकांचा विश्वास या दोहोंमुळे सारखाच ढळतो.